फाटकाबाहेरचे अण्णा

अण्णांच्या गाडीत जागा हवी असेल तर आधी फोनवर परीक्षा द्यावी लागे. कुठे भेटायचं, कधी निघायचं, हे सगळं नंतर. "जेवताना फोन बघता काय?" हा पहिला प्रश्न. "घरी परतायची घाई असते काय?" हा दुसरा. तिसरा प्रश्न ते समोरच्याचा आवाज ऐकून ठरवत. मी हिंदीतून बोलत होते आणि मध्येच गॅसवरचं दूध उतू गेलं, तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. पलीकडचा आवाज एकदम मराठीत शिरला.

"पुण्याची काय गं तू?"

"हो."

"कारलं खातीस?"

हा प्रश्न कशासाठी ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी म्हटलं, "आई समोर असली तर खाते."

पलीकडून आवाज आला, "सरी. ये रविवारी." सरी म्हणजे ठीक.

बंगळूरच्या बाहेर, नंदीच्या डोंगराच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत. त्यातल्या काहींनी स्वतःच्या लहानशा वायनरी काढल्या आहेत. अण्णा दर रविवारी आपल्या जुन्या व्हॅनमधून सात माणसांना तिथे फिरवून आणत. तीन वायनरी, शेवटच्या ठिकाणी जेवण, आणि दिवेलागणीला परत बसवनगुडीत, त्यांच्या घरापाशी. सातच का, तर गाडीत आठ सीटा होत्या आणि आठव्या सीटवर ते स्वतः, स्टिअरिंगमागे. आठ जणांचा ग्रुप आला तर ते मोठी गाडी करत नसत, ग्रुपला नाही म्हणत. मुळात ग्रुप त्यांना आवडतच नसे. "ओळखीच्या माणसांना फिरवून काय करायचं?" ते म्हणत. "ती घरीसुद्धा भेटतात की." ऑफिसची टीम घेऊन यायचं आहे असा फोन आला की गाडी लगेच भरलेली असे. किती ग्लास मिळणार, असं कुणी विचारलं तरीही भरलेली असे. एकदा माझ्या देखत त्यांनी असा फोन ठेवला. त्या रविवारी आम्ही फक्त तिघं होतो.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून आले होते. एचएसआर लेआउटमध्ये एका स्टार्टअपमध्ये नोकरी, तिथेच दोन गल्ल्या पलीकडे भाड्याची खोली. आठवडाभर हिंदी आणि इंग्रजी, रिक्षावाल्याशी चार कन्नड शब्द, आणि मराठी फक्त रात्री आईच्या फोनवर. रविवारचं काय करायचं हे मला कळत नसे. वाइनशी माझा काही संबंध नव्हता. ऑफिसातल्या कुणीतरी नंबर दिला होता, "वेडा म्हातारा आहे, पण मजा येते" असं सांगून.

वेडा म्हातारा पहिल्याच भेटीत मला पटला. पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कारखान्यात मिळतात तसले जाडजूड काळे बूट, आणि अगदी पांढरे झालेले, पण दाट केस. त्यांनी सगळी नोकरी एका यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. तपासण्याची सवय काही गेली नव्हती. निघण्याआधी ते गाडीभोवती फिरून चारही टायरांना हाताने थापट्या मारत, प्रत्येक दार उघडून लावत, पुन्हा उघडून पुन्हा लावत. मग सगळ्यांना टोप्या वाटत. या टोप्या त्यांनी चिकपेटच्या घाऊक बाजारातून गठ्ठ्याने आणल्या होत्या आणि त्यांचा हिरवा रंग असा होता की तो गठ्ठा दुकानदाराकडे का पडून होता ते लगेच समजावं. टोपी घातल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. स्वतः मात्र ते कधी टोपी घालत नसत.

"तुम्ही का नाही घालत?" मी विचारलं.

"मी कुठे हरवणार आहे?" ते म्हणाले.

नवरा-बायकोला ते शेजारी बसू देत नसत. एका रविवारी एक जोडपं आलं होतं. घरून निघतानाच त्यांचं काहीतरी बिनसलं होतं, ते दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. अण्णांनी नवऱ्याला पुढे आपल्याजवळ बसवलं, बायकोला मागे माझ्याजवळ. हेब्बाळचा पूल ओलांडेपर्यंत पुढून अण्णांच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. देवनहळ्ळीच्या रस्त्याला तर ते गाडी बाजूला घेऊन, रुमालाने डोळे पुसून पुन्हा निघाले. माझ्या शेजारची बाई आधी खिडकीबाहेर बघत होती, मग पुढे वाकून बघू लागली. पहिल्या वायनरीला उतरल्या उतरल्या तिने नवऱ्याला गाठलं, "काय सांगितलंस रे त्यांना एवढं?" त्यानंतर दिवसभर ती दोघं बोलतच होती. मी अण्णांना नंतर विचारलं, तो काय म्हणाला होता? अण्णा म्हणाले, "काय की. कन्नड इतकं भराभर बोलला, मला अर्धं समजलं नाही. हसलो आपला."

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. कन्नड त्यांना माझ्या मराठीइतकं येत होतं, तेव्हा हे न समजणं कितपत खरं, ते तेच जाणोत.

वाइन ते पीत नसत, कारण गाडी चालवायची असे. पण प्रत्येक ठिकाणी एक ग्लास हातात घेत, डोळे मिटून वास घेत आणि ग्लास शेजारच्याला देऊन टाकत. पहिल्या वायनरीत एक चुणचुणीत तरुण माहिती सांगायचा. या वाइनमध्ये चॉकलेट जाणवेल, थोडा तंबाखू, थोडं चामडं, शेवटी मिरी. आम्ही सगळे मान डोलावत चॉकलेट शोधायचो. अण्णा मागून हळूच म्हणायचे, "द्राक्षं सोडून सगळं आहे." तो तरुण चिडत नसे. उलट अण्णांनी काही म्हटलं नाही तर वळून त्यांच्याकडे बघायचा.

दुसऱ्या वायनरीकडे जाताना ते मध्येच कुठेही थांबत. डोंगरावर ढग टेकलेला असे, किंवा नाचणीच्या शेतात कुणी पाणी सोडलेलं असे. सगळ्यांना खाली उतरवून ते गप्प उभं राहायला लावत. मग विचारत, "बघून झालं? सरी, चला." त्याबद्दल माहिती काही सांगत नसत. मला तो दिवसातला सगळ्यात चांगला भाग वाटायचा.

मी महिन्यातून एकदा, मग दोनदा जाऊ लागले. पुढे पुढे मला फोन करावा लागत नसे, तेच करत. "एक सीट रिकामी आहे मा, ये." सीट खरंच रिकामी असे की ते ती ठेवत, मी कधी विचारलं नाही.

आता तिसऱ्या वायनरीबद्दल सांगायला हवं. तिथे मात्र अण्णा आत येत नसत.

तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आणि फाटकाबाहेर करंजाचं मोठं झाड. त्या झाडाखाली ते गाडी लावायचे, डिकीतून घडीची खुर्ची काढायचे आणि मळ्याकडे पाठ करून बसायचे. आम्हाला म्हणायचे, "जा, बघून या, जेवून या. मी आहे इथे." आत एक बारीक, उन्हाने रापलेले गृहस्थ आम्हाला भेटत. ते मालक. मळा लहानच, वायनरी म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड आणि तीन-चार टाक्या. ते चॉकलेट, तंबाखू काही सांगत नसत. "पिऊन बघा, आवडलं तर आवडलं," एवढंच. मग त्यांची बायको, राधक्का, लांब टेबलावर जेवण वाढायच्या. नाचणीचा गरम मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, अवरेकाळूचं म्हणजे पावट्याचं सारू, वांग्याची भाजी, भात, ताक. वाइनबरोबर मुद्दा खाताना पाहुण्यांना आधी हसू यायचं, मग ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

आमची पानं वाढून झाली की राधक्का एक ताट भरायच्या, त्यावर केळीचं पान झाकायच्या आणि स्वतः फाटकाबाहेर घेऊन जायच्या. अण्णा ते सगळं खायचे. भाताचं शीतसुद्धा ठेवायचे नाहीत. मग गाडीतल्या कॅनमधल्या पाण्याने ताट धुऊन, रुमालाने पुसून परत द्यायचे. आत यायचे नाहीत.

मला वाटलं, दारूच्या जागी जेवायचं नाही असला काही नेम असेल. पण मग बाकी दोन वायनरीत ते बिनधास्त कसे फिरतात? आणि हळूहळू मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. आत मालक आम्हाला वाढता वाढता विचारायचे, "येताना गाडी जोरात मारली काय त्याने? चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे?" आणि परतीच्या वाटेवर अण्णा आरशात बघत विचारायचे, "वांग्यात तिखट जास्त होतं काय आज? आत खोकत होता काय तो?" पाहुणे दर रविवारी नवे. त्यांना वाटायचं, म्हातारा गप्पा मारतोय. मी मात्र दोन्हीकडची उत्तरं द्यायची. हो, खोकत होते. नाही, गाडी बेतानेच चालवली.

"कोण आहेत हो ते?" एकदा मी अण्णांना विचारलं.

"कोण?"

"मळ्याचे मालक."

"तो होय," अण्णा म्हणाले आणि उगीचच हॉर्न वाजवला. पुढे रस्ता मोकळा होता.

उत्तर मिळालं ते अक्कांकडून. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. रविवारी परत आल्यावर त्या मला बसवनगुडीच्या घरी कॉफी प्यायला थांबवायच्या. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक स्टूल होतं, ते माझं झालं होतं. अण्णा बाहेर गाडीभोवती फिरून टायरांना थापट्या मारत होते. मी विषय काढला तशी अक्कांनी फिल्टरचं झाकण लावून माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं नाही तुला? तो तम्मा. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ."

कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. घरात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. मळा मुळात दोघांच्या वडिलांचा, अप्पांचा. वडिलांनी तिथे मांडव घालून बंगळूरची जुनी काळी द्राक्षं लावली होती, जाड सालीची, दाट वासाची. अण्णा कारखान्यात गेले, तम्मा मळ्यावर राहिला. पण अण्णांचा प्रत्येक रविवार मळ्यात जायचा. एका रविवारी ते गेले आणि फाटकातच थांबले. मांडव मोकळा होता. सगळ्या वेली बुडातून तोडून एका बाजूला ढीग घातला होता. तम्माला वाइनची द्राक्षं लावायची होती. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

"भांडण झालं?" मी विचारलं.

"झालं असतं तर बरं होतं," अक्का म्हणाल्या. "हे काही बोललेच नाहीत. ह्या फाटकाच्या आत पाय टाकणार नाही, एवढं म्हणाले आणि परत आले. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती."

मग कितीतरी वर्षं अण्णा तिकडे फिरकले नाहीत. फोनही नाही. दोघांच्याही मनात, आधी त्याने करावा. अण्णा निवृत्त झाले आणि घरात बसून पंख्याची पाती, कुकरची शिट्टी, दाराच्या कड्या तपासू लागले. अक्कांचा जीव मेटाकुटीला आला. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, मी लोकांना वायनरी दाखवायला नेणार.

"मला वाटलं, म्हातारपणी वाइनचं वेड लागलं," अक्का म्हणाल्या. "मग राधाचा फोन आला, अक्का, भावजी आलेत, फाटकाबाहेर बसलेत, काय करू? मी म्हटलं, जेवायला घाल."

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे टिपले.

"फाटकाच्या आत जाणार नाही म्हणाले होते. फाटकापर्यंत जाणार नाही, असं कुठे म्हणाले होते?"

बाहेर गाडीचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला. मी कॉफी संपवली. एक माणूस दर रविवारी सात अनोळखी माणसं गोळा करतो, त्यांना हिरव्या टोप्या घालतो, दोन वायनरी दाखवतो, आणि हे सगळं कशासाठी, तर भावाच्या फाटकासमोर पाठ करून बसता यावं म्हणून. ऑटोत बसून घरी जाताना मला हसूही येत होतं आणि पुण्यातल्या माझ्या भावाला फोन करावासाही वाटत होता. मी केला. तो म्हणाला, "काय झालं? सगळं ठीक ना?" म्हटलं, "हो, सुम्ने केला." सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द मला अण्णांनी दिला होता.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. तम्मांच्या मळ्यातली शिराझ जातीची द्राक्षं काळी झाली होती, पण अजून पुरती गोडी उतरायची होती, म्हणून तोडणी लांबवली होती. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा आकाश स्वच्छ होतं, फक्त डोंगराच्या पलीकडे काळपट निळी कड दिसत होती. अण्णांनी झाडाखाली खुर्ची मांडली. आम्ही फाटकाशी गेलो तर राधक्का आतून धावत आल्या. हातात कात्री, साडीचा पदर कमरेला खोचलेला.

"आज ऊट नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. आज जेवण नाही. "माफ करा. डोंगरापलीकडे गारा पडल्यात. आमच्याकडे कधीही येतील. माणसं मिळाली नाहीत. सगळ्या मळ्यांना आजच माणसं हवीत. आम्ही दोघंच तोडतोय."

मग त्यांनी आमच्या खांद्यावरून अण्णांकडे बघितलं. "भावजी, जाते मी," एवढं म्हणून त्या वळल्या आणि पळतच गेल्या.

अण्णा खुर्चीतून उठले होते. पहिल्यांदाच मी त्यांना मळ्याकडे तोंड करून उभं राहिलेलं बघितलं. गारा पडल्या तर फुटलेली द्राक्षं दुसऱ्या दिवशी कुजायला लागतात आणि वर्षभराचं पीक जातं, एवढं मलाही आता माहीत होतं.

आमच्यात एक निवृत्त बँक मॅनेजर होते, मल्लेश्वरमचे, जाडजूड. सकाळपासून ते गुडघ्यांची तक्रार करत होते, खाली उतरायला लावलं म्हणून अण्णांवर रागावलेही होते. तेच इंग्रजीत म्हणाले, "आपण इथे उभे राहून काय करतोय? चला, तोडू या." आणि त्यांनी फाटक ढकललं.

तम्मांनी आम्हाला येताना बघितलं. मग त्यांनी शेडमधून कात्र्या आणल्या, प्लास्टिकचे क्रेट दाखवले आणि पटकन समजावलं. घड हातात धरायचा, देठ कापायचा, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा, टाकायचा नाही. आम्ही ओळींत शिरलो. दोन कॉलेजच्या मैत्रिणी, एक डॉक्टर आणि तिचा नवरा, बँक मॅनेजर, एक चित्रपटांचे आवाज मुद्रित करणारा गप्प मुलगा, आणि मी. पाच मिनिटांत हात चिकट झाले. घामाने टोपीचा हिरवा रंग कपाळावर उतरला.

फाटकाबाहेरून आवाज येऊ लागला.

"असं नाही! घड खालून तोल, दाबू नको! पिळतीस काय त्याला?"

अण्णा तारेला लागून उभे होते. ओरडत होते ते आम्हा पाहुण्यांना.

"क्रेट एवढा भरू नका! खालची फुटतील! अहो मॅनेजर, तुम्ही बसून तोडा, वाकू नका!"

थोड्या वेळाने, "भरलेले क्रेट उन्हात कोण ठेवतंय? सावलीत घ्या!" क्रेट उन्हात तम्मांनी ठेवले होते. त्यांनी ते उचलून सावलीत नेऊन ठेवले.

वारा सुटला. डोंगरावरची निळी कड आता अर्ध्या आकाशावर आली होती. आम्ही बोलणं बंद केलं. फक्त कात्र्यांचे आवाज आणि कुणीतरी क्रेट ओढत नेल्याचा आवाज. मी एक ओळ संपवून दुसरीकडे वळले तेव्हा लक्षात आलं, बऱ्याच वेळात फाटकाकडून आवाज आलेला नाही.

मी टाचा उंच करून बघितलं. वेलींच्या वर हिरव्या टोप्या हलत होत्या. आणि त्यांच्यामध्ये, सगळ्यात दाट ओळीत, एक पांढरं उघडं डोकं.

ते आत कधी आले, कुणीही बघितलं नाही. मी नंतर सगळ्यांना विचारलं. बँक मॅनेजर म्हणाले, मला वाटलं पहिल्यापासूनच होते. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मी कुठे आत गेलो? ती पोरगी पिळत होती, तिला दाखवायला गेलो."

मी त्यांच्या शेजारच्या ओळीत गेले. वेलींच्या पलीकडे, त्यांच्या समोरच, तम्मा तोडत होते. दोघांमध्ये पानांची भिंत. दोघांचेही हात सारखेच चालत होते, डाव्या हाताने घड खालून तोलायचा आणि न बघता देठ कापायचा. मग पानांतून तम्मांचा हात पुढे आला. हातात कात्री होती.

"अण्णा, तुझ्याजवळची बोथट आहे. ही घे."

अण्णांनी ती घेतली, अंगठ्याने धार बघितली आणि आपली पलीकडे दिली.

"द्राक्षं पहाटे तोडतात," ते म्हणाले. "भर दुपारी कोण तोडतं?"

"पाऊस विचारून येतोय काय?"

"गेल्या आठवड्यातच तोडायची होती."

"गोडी नव्हती आली."

अण्णांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. चावलं, बी थुंकली. "आता आलीय," ते म्हणाले आणि पुढच्या घडाला हात घातला.

शेवटची ओळ अर्धी राहिली होती तेव्हा पहिल्या गारा आल्या. पत्र्यावर असा काही दणका सुरू झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आम्ही सगळे शेडमध्ये क्रेटच्या भिंतींमध्ये दाटीवाटीने उभे राहून बाहेर बघत होतो. अर्धी ओळ गेली. बाकी सगळं आत होतं. राधक्का क्रेट मोजायला लागल्या आणि मध्येच थांबून खाली बसल्या. डॉक्टरणीला वाटलं त्यांना भोवळ आली. पण त्या हसत होत्या.

जेवण झालं ते संध्याकाळ व्हायला आली तेव्हा. राधक्कांनी नुसता भात आणि सारू केलं, लोणचं काढलं. सगळे भुकेने वेडे झाले होते. अण्णा लांब टेबलाशी भावाच्या समोर बसले. त्यांच्या शर्टावर कोपरापर्यंत जांभळे डाग होते. बाहेर पावसाने मातीचा वास सुटला होता आणि करंजाखालची घडीची खुर्ची वाऱ्याने उलटून पडली होती. ती उचलायला कुणी गेलं नाही.

मी अण्णांच्या शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"एकसुद्धा ठेवली नाहीस?" अण्णांनी विचारलं. "अप्पांची एक वेल?"

तम्मा थोडा वेळ भात कालवत राहिले.

"नाही अण्णा. एकही नाही. सगळ्यांची मुळं कुजली होती. दोन वर्षं औषधं घालून बघितली मी."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काढू दिली असतीस?"

अण्णांनी विचार केला. खरंच केला, कारण घास हातातच राहिला होता.

"नाही," ते म्हणाले. मग राधक्कांकडे ताट सरकवलं. "स्वल्प भात वाढ मा."

परतीच्या वाटेवर टोल नाक्यापाशी त्यांनी स्वतःशीच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हटलं, "खोकत नव्हता आज." बसवनगुडीत उतरल्यावर अक्का दारात उभ्या होत्या. राधक्कांचा फोन आधीच येऊन गेलेला असणार. त्यांनी शर्टाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे डाग जाणार नाहीत."

"न जाऊ देत," अण्णा म्हणाले आणि टायर न तपासता घरात गेले.

अक्कांना वाटलं होतं, आता टूर बंद होईल. निमित्त संपलं. पण अण्णांना टूरची सवय झाली होती, किंवा अनोळखी माणसांची. टूर चालू राहिली, फक्त तिची शिस्त पार बिघडली. पहिल्या दोन वायनरींना ते जेमतेम अर्धा तास देऊ लागले. मग एकेका रविवारी दुसरी गाळूच लागले. पहिल्या वायनरीतला तो चुणचुणीत तरुण मला विचारायचा, "सर रागावले काय?" तिसऱ्या ठिकाणी मात्र गाडी थेट फाटकातून आत, शेडच्या दारापर्यंत जायची. तिथे अण्णा पाहुण्यांना विसरून जायचे. एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं की ही वायनरींची सहल नसून कुणाच्या तरी भावाच्या घरी जेवायला जाणं आहे, पण जेवण उत्तम. अण्णांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

गेल्या हिवाळ्यात माझे आई-बाबा पुण्याहून आले. बाबांना वाइन म्हटलं की कसंतरी होतं, पण अण्णांनी फोनवर त्यांना कारल्याचं विचारलं आणि बाबांना कारलं फार आवडतं, तेव्हा ते लगेच तयार झाले. अण्णांनी बाबांना पुढे बसवलं, आईला मागे. नंदीच्या डोंगरासमोर सगळ्यांना उतरवून गप्प उभं केलं. आईने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

जेवायच्या वेळी राधक्का गरम मुद्दे वाढत होत्या. मुद्दा चावायचा नाही, गिळायचा असतो हे बाबा शिकत होते. टेबलाच्या टोकाला अण्णा आणि तम्मांची छाटणीवरून जुंपली होती. अण्णांचं म्हणणं, फांदीवर दोन डोळे जास्त ठेवायचे होते. तम्मांचं म्हणणं, मळा कोण बघतं, तू की मी? अण्णा म्हणाले, बघतोस म्हणूनच अशी अवस्था आहे. तम्मांनी ताकाचा पेला आपटला. अण्णांनी त्यांना सगळ्यांच्या देखत मूर्ख म्हटलं, मराठीत आणि मग कन्नडमध्ये. राधक्का मध्ये न पडता दोघांच्याही पानात तूप सोडून पुढे गेल्या.

आई कानकोंडी होऊन माझ्या कानाशी लागली.

"अगं, हे दोघं भाऊ नेहमी असेच भांडतात का?"

"नाही," मी म्हटलं. "आता भांडतात."